पांदणीवाचून पट

गेल्या पौषात माझ्या एका स्नेह्यांनी मला तळेगाव दशासरच्या शंकरपटाला नेले. 'नेले' असेच म्हटले पाहिजे. पंचाहत्तरी उलटलेला मनुष्य आपण होऊन कोठे जात नाही, त्याला लोक नेतात आणि सावलीतली खुर्ची देऊन बसवतात. अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव तालुक्यातले हे गाव पटासाठी साऱ्या विदर्भात नावाजलेले. कृषक सुधार मंडळ तेथे पट भरवते. दुरदुरून जोड्या येतात, आणि बायकांच्या हाती कासरा देणारा पट म्हणूनही तळेगावची ओळख आहे. बैल देखणे होते. अंगावर माशी बसली तर घसरावी अशी कांती. जोडी सुटली की खुरांचा आवाज आधी पायांना कळतो आणि मग कानांना, ही लहानपणची गोष्ट मला त्या दिवशी पुन्हा कळली. आनंद झाला नाही असे म्हणालो तर ते खोटे होईल.

परंतु मैदानाबाहेर एक दृश्य दिसले आणि ते अजून डोळ्यांत सलते आहे. लहान मालमोटारींची लांबच लांब रांग लागली होती. मोटारीला फळी लावायची, बैल उतरवायचे, जुंपायचे, काही सेकंद पळवायचे आणि घाम वाळण्याच्या आत त्याच फळीवरून पुन्हा वर चढवायचे. पटाबाहेरच्या रस्त्याची धूळ ज्याच्या खुराला लागली आहे असा बैल मला त्या रांगेत दिसला नाही. असे हल्ली सगळ्याच पटांना असते, एकट्या तळेगावला नव्हे. माझे स्नेही मात्र भारावून गेले होते. "बघा," ते म्हणाले, "न्यायालयापर्यंत जाऊन आलो, पण परंपरा टिकली!"

मी त्यांना तेथे काही बोललो नाही. कोणाच्या आमंत्रणावर जाऊन त्याच्याशीच वाद घालू नये एवढी रीत मला आहे. पण हा लेख त्यांनी वाचावा म्हणूनच लिहीत आहे. परंपरा टिकली हे त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. परंपरेचा एक हजार मीटरांचा तुकडा तेवढा टिकला आहे.

माझे गाव माना आणि मूर्तिजापूर यांच्या मधले, मोठ्या रस्त्यापासून अडीच कोस आत. मी दहा वर्षांचा असताना, म्हणजे १९५८ च्या सुमारास, आजोबांनी मला पहिल्यांदा पटाला नेले. पट होता दर्यापूरकडच्या एका गावी, आमच्याहून बारा कोस. कबऱ्या आणि हरण्या ही आमची जोडी. पट सोमवारी असला तर आजोबा शुक्रवारी निघत. बंडीत सरकी-ढेप, कडबा, एक पिंप आणि मी. घरासमोरून निघालो की लगेच पांदण लागे, दोन्ही बाजूंना हिवराची आणि बोरीची झाडे, आणि मध्ये तीन बंड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी रुंदी. ती पांदण दुसऱ्या गावच्या पांदणीला मिळे, ती तिसऱ्या. लाखपुरीजवळ पूर्णा ओलांडायची. पौषात पाणी घोट्याइतके, पण वाळू दगाबाज. तेथे आजोबा खाली उतरत आणि बैलांच्या पुढे स्वतः चालत.

पूर्णेच्या पलीकडे खारपाणपट्टा सुरू होतो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगतो की तेथे विहिरीला पाणी लागते, पण ते माणसाच्या तोंडी धरवत नाही आणि जनावराला मानवत नाही. त्यामुळे पटाला जाण्याचा आमचा मार्ग नकाशावर ठरत नसे, गोड्या पाण्यावर ठरे. कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीचे पाणी यंदा गोडे आहे ही विद्या आजोबांना असे. ती त्यांना कुठून मिळे? आदल्या बाजारच्या दिवशी भेटलेल्या गाडीवानांकडून. एखाद्या वर्षी पाऊस ओढला की ते पाणी फिरे, आणि पाणी फिरले की आमचा रस्ताही फिरे. तीन वर्षे मी त्यांच्याबरोबर गेलो आणि तिन्ही वर्षी तीन वेगळ्या वाटांनी गेलो. मुक्काम कोणत्यातरी गावाच्या ई-क्लासवर, म्हणजे चराईच्या सरकारी पडीवर. तेथे पटाला निघालेल्या आणखी पाच-सहा जोड्या असत. त्या रात्री शेकोटीभोवती कोणता बैल डाव्या अंगाला ओढतो, कोणाचा खूर फुटला, कोणाची जोडी वाटेतच दमली, हे सगळे बोलून होई. दर्यापूरकडच्या त्या मैदानात जोड्या उभ्या राहत तेव्हा निम्मा पट आधीच होऊन गेलेला असे.

"पट कोन जितते आजोबा?" असे मी विचारले होते. "ज्याले पानी माह्यीत असते तो," ते म्हणाले.

आता पटाच्या मुळाशी जाऊ. शंकरपट हा आमच्या पूर्वजांच्या रानटीपणाचा अवशेष आहे असे मानणारा एक शहाणा वर्ग आहे. त्याला वऱ्हाडचा इतिहास कोणी सांगत नाही. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नावेने कलकत्त्याला. मुंबईच्या बाजूला तो पहिल्यांदा वळवला तो विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी, १८२५-२६ मध्ये, पाचशे बैलांवर लादून. पुढे १८६० नंतरच्या दशकात भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि बैलांची लांबची वाट एकाएकी तुटली. मग वाटांनी तोंडे फिरवली. मिर्झापूरकडे जाणाऱ्या वाटा स्टेशनांकडे आणि कापसाच्या बाजारांकडे वळल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर अशी दोन्हीकडे लहान रुळांची गाडी झाली, तीच आमची 'शकुंतला', जी आता बंद पडली आहे. तिच्या प्रत्येक ठेसनाकडे भोवतालच्या गावांच्या पांदणी येऊन मिळाल्या. कापूस विकून रिकाम्या झालेल्या बंड्या संध्याकाळी घरी परतताना गाडीवानांची एकमेकांशी इरेसरी होई ती मी स्वतः पाहिली आहे. बैलांना घर दिसत असते, अंगावर ओझे नसते आणि मालकाच्या कनवटीला पैसे असतात. माझा तर्क असा की आमचा पट त्या रिकाम्या बंड्यांतून जन्मला. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, पण या तर्काला निदान चाके आहेत.

म्हणजे पट हे कामकरी रस्त्याचे लेकरू. कामाच्या वाटा जिकडे गेल्या तिकडे तो गेला. लेकरू वाचवायचे आणि आईला गाडून टाकायचे, याला संरक्षण म्हणावे की काय म्हणावे?

आता त्या सुप्रसिद्ध खटल्याकडे येतो. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलाला वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या यादीत घातले, म्हणजे ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर आमच्या शर्यतींनाही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, तीही काही वर्षे अडकून पडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. नियमांत काठी नको, चाबूक नको, विजेचा झटका नको, धाव एक हजार मीटरांहून लांब नको, असे सगळे लिहिले आहे.

बंदी मागणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हे मी पटाचा अभिमानी असूनही कबूल करतो. तुतारीची आर बैलाच्या मांडीत रुतलेली मी पाहिली आहे. शेपटी पिरगाळलेली, दातांनी चावलेलीही पाहिली आहे. आजोबा असल्या धुरकऱ्याला उघड शिवी देत, पण त्यांच्या शिवीने तो थांबत नसे. कायद्याने थांबला तर कायद्याचे उपकार. माझी तक्रार वेगळी आहे. बारा वर्षे हा वाद चालला. एका बाजूला दयाळू लोक, दुसऱ्या बाजूला अभिमानी लोक, मध्ये विद्वान वकील. या तिघांनीही बैलाकडे पाहिले ते फक्त तो पटावर असताना. वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तो कोणत्या वाटेने चालतो, त्या वाटेला तळ आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. बैलाला काठी मारणे ही क्रूरता आहे. मग भरल्या बंडीनिशी त्याला गुडघाभर काळ्या गाळात उतरवणे काय आहे? त्याबद्दल अधिसूचना नाही, कारण ते पाहायला तिकडे कोणी शहरातून येत नाही.

निकालाच्या दिवशी गुलाल उधळला गेला. त्या गुलालाखाली एक आकडा झाकला गेला. २०१२ च्या पशुगणनेत देशात बैल-गोऱ्हे मिळून नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता. २०१९ च्या गणनेत तो ४ कोटी ७४ लाख भरला. सात वर्षांत दर दहांतले तीन गेले. त्यातली बहुतेक वर्षे पटाला बंदी होती, हे खरे. पण बंदीमुळे बैल गेले असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो की गावातल्या शंभर जोड्यांपैकी पटाला किती जात होत्या? दोन? तीन? उरलेल्या सत्त्याण्णव कोणी नेल्या? ट्रॅक्टरने नेल्या, चाऱ्याच्या भावाने नेल्या, २०१५ नंतर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही त्याने नेल्या. आणि पांदणीने नेल्या. हे शेवटचे कारण कोणी मोजत नाही, म्हणून मी त्यावर जोर देत आहे.

माझा नातू मोटारींच्या शर्यतींचा वेडा आहे. तळेगावहून परतल्यावर मी जे बडबडलो ते ऐकून तो म्हणाला, "आबा, तुम्ही सांगता ती तर रॅली झाली." मग त्याने मला ग्रीस देशातल्या 'अक्रोपोलिस' रॅलीविषयी सांगितले आणि पुढे मीही जमेल तेवढे वाचले. १९५३ पासून ती या नावाने भरते. जागतिक अजिंक्यपद १९७३ मध्ये सुरू झाले तेव्हापासून ती त्यात होती. मोटारी मोडण्यासाठीच प्रसिद्ध असलेली ही शर्यत. डोंगरातले खडीचे रस्ते, उन्हाळ्याची धूळ, दगड. टप्प्यांना आजूबाजूच्या गावांची नावे, जसे पावलियानी, एलाटिआ. वर्षभर त्या रस्त्यांवरून शेतकऱ्यांच्या आणि मालाच्या गाड्या जातात. शर्यतीपुरते काही तास ते बंद करतात आणि मग ज्याचे त्याला परत देतात. डांबर चढत गेले तशी काही जुन्या टप्प्यांची खडी गेली आणि मार्ग बदलत राहिला. २००५ च्या सुमारास तर अथेन्सच्या ऑलिंपिक मैदानातच एक टप्पा बांधला. लोकांना खुर्चीत बसून शर्यत पाहता आली. पण तेवढ्याने शर्यत जगत नाही. २०१३ नंतर ती अजिंक्यपदाच्या यादीतून गळाली. २०२१ मध्ये परतली तेव्हा तिचा तळ पडला डोंगरांच्या पायथ्याशी, लामिया गावी.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती एक लहानशी अट. दोन टप्प्यांमधले अंतर मोटारीने स्वतःच्या चाकांवर कापावे लागते. चारचौघांच्या गाड्यांप्रमाणे, वाहतुकीचे नियम पाळून, आणि ठरल्या वेळी पोचून. उशीर झाला तर दंड. मोटारीला मोटारीत घालून टप्प्यावर नेता येत नाही! ग्रीकांनी हे मोटारीच्या बाबतीत ठरवले, जिला पाय नाहीत. आम्ही मात्र चार पायांचे जनावर फळीवरून चढवून नेतो. बारा कोस चालवणे हीच क्रूरता, मोटारीने नेणे ही दया, असे कोणी म्हणेल. आजोबा तीन दिवस आधी का निघत याचा त्याने विचार करावा. जो बैल रोज चालतो त्याला चार कोस म्हणजे फेरफटका; आणि जो वर्षभर खुंट्याला बांधून, दूध पाजून, फक्त पळण्यासाठी ठेवला आहे, त्याला चालवत नाही हे उघडच आहे. असा बैल शेतकऱ्याचा नसतो, हौशीचा असतो. हौशीला माझी हरकत नाही. तिला परंपरा म्हणू नका.

आणि आता आमच्या अभिमानाचा दुसरा मोठा विषय. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या भागात, ३ तारखेच्या सकाळपासून ७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत अखंड काम करून १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी पट्टा अंथरला गेला. दुहेरी रस्त्याच्या हिशेबाने साडेसदतीस किलोमीटर. गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, सव्वापंचवीस किलोमीटरांचा, आणि त्याला दहा दिवस लागले होते. सातशेवर माणसे त्या उन्हात राबली. वऱ्हाडचा जूनचा आरंभ ज्याने अंगावर घेतला आहे तो त्या माणसांपुढे टोपी काढील, मीही काढतो. हा रस्ता कित्येक वर्षे रखडलेला होता आणि त्याच्या खड्ड्यांनी आमची हाडे मोजली होती, तेव्हा तो झाला याचा आनंद मला इतरांहून कमी नाही. मान्याच्या फाट्यावर मी पेढेसुद्धा वाटले.

पेढे वाटून घरी निघालो. फाट्यापासून अडीच कोस. पहिले दीड कोस डांबर, मग खडी, मग गाव, आणि गावापासून आमच्या शेतापर्यंत दोन किलोमीटर पांदण. मृगाची एक सर पडून गेली होती. शेतावर जायला मला त्या दिवशी पाऊण तास लागला, जोडे हातात घेऊन. घरी येऊन पाटीवर गणित मांडले. महामार्गाच्या त्या वेगाने काम झाले तर आमची पांदण तीन तासांच्या आत पुरी होते! हे गणित लबाडीचे आहे हे मला कळते. तयार भरावावर डांबराचा थर देणे वेगळे आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या, पावसाळ्यात फुगणाऱ्या काळ्या मातीत मुरूम-दगड भरून वाट उभी करणे वेगळे. तरी ते गणित मी पुसले नाही.

पांदण नसली की काय होते, हे शहरातल्या वाचकांसाठी लिहितो. सोयाबीनचे कुटार शेतातच सडते. खताची बंडी पेरणीआधी जाऊ शकत नाही, म्हणून खत धुऱ्यावर पडून राहते. आणि कापूस? दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी होते, परतीचा पाऊस होऊन गेलेला असतो, बंडी आत येत नाही, ट्रॅक्टर आला तर रुततो. मग वेचलेला कापूस गाठोडी बांधून बायकांच्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत येतो. दिवसभर वाकून वेचायचे आणि संध्याकाळी वीस-पंचवीस किलोंचे गाठोडे घेऊन गाळातून दीड-दोन किलोमीटर चालायचे. मजुरी वेचल्याची मिळते, वाहिल्याची नाही. महामार्गावर कापसाची मालमोटार ऐंशीच्या वेगाने धावते तेव्हा तिच्यातला प्रत्येक बोंडाचा पहिला टप्पा कोणाच्यातरी मानेवरून झालेला असतो. बैलांच्या मानेवरचे जू उतरले म्हणून आम्ही पोळ्याला झडत्या म्हणतो. ते उतरून कोठे गेले ते पाहत नाही.

सरकारला याची जाणीव नाही असेही नाही. २०१८ मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाने पांदण रस्त्यांची योजना निघाली, २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने निघाली. योजनांना नावांची वाण नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे, त्यात शेतकऱ्याला बांधावरून वाट मागता येते. पण कोणतीही योजना आली की पहिली अट असते, पांदण अतिक्रमणमुक्त हवी. आणि येथे माझ्या लेखणीला थोडे अडखळायला होते.

कारण अतिक्रमण कोणाचे? गावनकाशात आमची पांदण आहे. दोन तुटक रेघांमधली ती पांढरी पट्टी मी स्वतः पाहिली आहे. प्रत्यक्षात ती कोठे गेली? ती कोणी एका रात्रीत चोरली नाही. दरवर्षी वखराच्या एका फेऱ्याने ती खाल्ली गेली. १९७४ मध्ये आमच्या घरी वाटण्या झाल्या. वडिलांच्या वाट्याला पांदणीकडचा तुकडा आला आणि तो मोजणीत थोडा कमी भरला. भाऊभाऊ भांडले नाहीत, याचे गावाला कौतुक वाटले. भांडले नाहीत, कारण कमी भरलेली जमीन वडिलांनी पांदणीतून भरून काढली. आधी बोरी तोडल्या, मग हिवर तोडले, मग वखर एक हात पुढे गेला. समोरच्या धुऱ्यावाल्यानेही तेच केले. त्याला आमचे पाहून धीर आला, की आम्हांला त्याचे पाहून, हे आता सांगता येणार नाही. तीन बंड्यांची पांदण वीस वर्षांत एका बंडीची झाली. त्या काळात मी अमरावतीला मास्तरकी करीत होतो आणि सुटीत घरी आलो की शेताच्या त्या वाढलेल्या कडेवर उभा राहून हरभरा खात होतो. मला ठाऊक होते. मी बोललो नाही.

१९९६ च्या भाद्रपदात, पोळा होऊन आठवडा झाला होता, माझ्या धाकट्या भावाची बंडी त्या पांदणीतून येत होती. पावसाने कड खचलेली. बंडीला वळायला जागा नाही. एक चाक कडेवरून सरकले, बंडी कलंडली, आणि जुवाखाली अडकलेल्या बैलाचा पुढचा पाय मोडला. आठ दिवसांपूर्वी ज्याच्या शिंगांना आम्ही हिंगूळ लावला होता तो बैल. भाऊ रात्रभर त्याच्याजवळ बसून होता. बैल चौथ्या दिवशी गेला. भावाने दुसरा विकला आणि पुन्हा जोडी घेतली नाही.

मी भावासाठी अर्ज लिहून दिला. मास्तरच्या भाषेत, मुद्देसूद. शेजाऱ्याने पांदणीवर अतिक्रमण केल्याने बैल दगावला, असे त्यात लिहिले. कचेरीने त्याचे काय केले ते सांगण्यासारखे नाही, कारण काहीच केले नाही. पण तो अर्ज खोटा होता. ज्या कडेवरून चाक सरकले ती आमच्या बाजूची होती. भावाला ते ठाऊक होते, शेजाऱ्याला ठाऊक होते, मला ठाऊक होते. शेजारी वारला तोपर्यंत आमच्याशी बोलला नाही, आणि त्याचे बरोबर होते.

तेव्हा परंपरेचा जयघोष करणाऱ्यांनो, आणि बैलाचा कळवळा असणाऱ्यांनोही, तुम्हां दोघांना माझे मागणे एकच आहे. पट भरवणाऱ्या प्रत्येक गावाने आधी आपली पांदण मोकळी करून दाखवावी. पटाच्या परवानगीसाठी पशुवैद्याचा दाखला लागतो, तसा तलाठ्याचाही लागावा, की या गावच्या पांदणी नकाशाप्रमाणे रुंद आहेत आणि ई-क्लासवर गुरांना पाय ठेवायला जागा आहे. जोडीला बक्षीस देताना ती शेतात किती दिवस चालली हे विचारावे. आणि जवळच्या चार-सहा कोसांवरच्या जोड्यांनी तरी पायी यावे. अशाने पट लहान होतील, बक्षिसे लहान होतील, दोन-चार नामांकित जोड्या येणार नाहीत. येऊ नयेत. प्राणिमित्रांनी एक पावसाळा आमच्या पांदणीत काढावा; छायाचित्रे तेथेही चांगली निघतात. आणि महामार्गाच्या विक्रमाचा फलक लावताना त्याच्या शेजारी आसपासच्या गावांतल्या पांदणींची यादी लावावी, कोणती चालू आहे, कोणती बुजली, कोणाच्या शेतात गेली. नावांनिशी. त्या यादीत आमचे नाव पहिल्या ओळीत यायला माझी हरकत नाही.

यंदा उन्हाळ्यात आम्ही मोजणीचा अर्ज केला आहे. पांदणीला लागून अठरा खातेदार आहेत, सह्या सात जणांच्या झाल्या. त्यात त्या वारलेल्या शेजाऱ्याच्या मुलाची आहे; त्याने अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि सही केली. मोजणीची वाट न पाहता आमच्या बाजूचे दोन हात आम्ही मृगाआधीच सोडले. पुतण्या ट्रॅक्टरवर होता, मी धुऱ्यावर उभा राहून खुंट्या दाखवत होतो.

"बैल तं राह्यलेच नाही आपल्याकडं मोठे बाबा," तो म्हणाला, "मंग कायले सोडता एवढी जागा?"

मी त्याला आणखी एक खुंटी आत घ्यायला सांगितली. कपाशी आता बोंडांवर आली आहे. दिवाळी झाली की वेचणी सुरू होईल, आणि त्या दोन हातांत गवत माजले आहे ते त्याआधी कापून घ्यायचे आहे.